सोलापूरच्या दुकानातलं पिल्लू

सास्तूरच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला की तो बाजाराच्या आदल्या दिवशी शिवलिंगप्पाच्या ओट्यावर येऊन बसायचा. अप्पा सोबत नसेल तर बैलबाजाराला जाण्यात अर्थ नाही असं लोक मानायचे, आणि खरं सांगायचं तर अप्पाही तसंच मानायचा. तो बाजारात शिरला की जनावरांचे दलाल आवाज खाली आणायचे. जबडा उघडून दात तर कुणीही बघतं. अप्पा बैलाला दहा पावलं चालवायचा, बसवायचा, उठवायचा, त्याचं शेण काठीनं उकलून बघायचा. एवढं करून बैल पसंत पडला तरी सौदा तिथं व्हायचा नाही. विकणाऱ्याचं गाव विचारून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहायचा. याची आई कुठाय, ती दाखवा. गाय मेली असेल तर तिचं दुसरं वासरू दाखवा. तेही नसेल तर आमचा नमस्कार.

एकदा माकणीच्या एका बड्या शेतकऱ्याची देखणी देवणी बैलजोडी त्यानं एवढ्याचसाठी सोडली की मालक गाय दाखवायला टाळाटाळ करत होता. सोबत गेलेला माणूस वाटभर कुरकुरला. ती जोडी दुसऱ्या कुणी नेली आणि तीन महिन्यांत त्यातला एक बैल बसला तो उठलाच नाही. मग त्याच माणसानं अप्पाचं कौतुक गावभर केलं. अप्पाला कौतुक आवडायचं. कुणाला आवडत नाही म्हणा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात पिकाचा भरवसा राहिला नाही आणि लोक म्हशीच्या दुधावर घर चालवायला शिकले. दुधाची सोसायटी निघाली तेव्हा चेअरमन कोण, हा प्रश्नच आला नाही. ज्याला जनावर कळतं तो. झालं. चेअरमन झाल्यापासून अप्पाचं धोतर जरा जास्तच पांढरं दिसायला लागलं, चालणं जरा सावकाश झालं. बायको गंगम्मा म्हणायची, "आता तुमच्यासंगं बोलायचं म्हणजे अर्ज करावा लागतोय काय की."

पंच्याऐंशी साली पावसानं पुन्हा दगा दिला. कडबा मिळेना, म्हशी आटत चालल्या. तरी सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीपुढं लोक चरव्या घेऊन उभे राहायचे. दुधाच्या वासानं गावातली मोकाट कुत्री जमायची, कॅनला तोंड लावायची. एकदा कॅनच आडवा केला. तेव्हा बैठकीत ठरलं की सोसायटीला राखणीचं एक कुत्रं पाहिजे.

बैठकीच्या कडेला ज्ञानोबा बसला होता. बौद्ध वस्तीतला, तेरणेच्या धरणावर कामाला जाणारा, एका म्हशीचा मालक. त्याची बायको पुतळाबाई रोज दूध घालायला यायची. तो म्हणाला, "अप्पा, आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाल्यात. दोन महिन्याची हायती, भाकर खात्यात. आई दारातच असती. येऊन बघा, लई राखणीची हाय."

आता हे बोलणं म्हणजे अप्पाच्याच तोंडचं बोलणं. आई बघा, मग घ्या. पण अप्पा हसला. "ज्ञानबा, सोसायटीला शोभंल असं कुत्रं पायजे. गावठी कुत्री काय कमी हायती व्हय गावात?" सगळे हसले. तेच पिल्लू एखाद्या बड्या घरच्या दारातलं असतं तर अप्पा हसला असता का, हे त्याचं त्याला ठाऊक.

पुढच्याच आठवड्यात दुधाची फॅट काढायच्या काचेच्या नळ्या आणायला अप्पा सोलापूरला गेला. नळ्यांच्या दुकानापासून दोन दुकानं सोडून पाळीव जनावरांचं दुकान होतं. बाहेर पोपट, आत काचेच्या पेटीत रंगीत मासे, डोक्यावर पंखा, आणि तारेच्या पिंजऱ्यात पाच पिल्लं. अल्सेशियन, दुकानदार म्हणाला. कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर असतं तेच.

अप्पानं सवयीनं एक पिल्लू उचललं आणि अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. दात जेमतेम टोचण्याएवढे होते. डोळ्यांना पाणी होतं, पोट फुगलेलं होतं. हे अजून आईला पीत असायला हवं, महिन्याच्या वर चार दिवसही नाहीत, हे त्याला त्या क्षणी कळलं. पुढं कितीही वेळा त्यानं स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला, तरी कळलं होतं हे खोटं करता आलं नाही.

"काका, दात काय बघताय," दुकानदार हसून म्हणाला, "हा बैलबाजार नाही." काउंटरपाशी चांगल्या घरच्या दोन बायका उभ्या होत्या. त्याही हसल्या. अप्पाचा हात आपोआप मागं आला.

"याची आई..." तो म्हणाला, पण आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

"मोठ्या घराण्यातलं आहे. हा कागद बघा. वय अडीच महिने, सगळी इंजेक्शनं झालेली." कागद इंग्रजीत छापलेला होता, खाली गोल शिक्का होता. अप्पाला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत नाही हे त्या बायकांपुढं सांगायचंही नव्हतं. दलालांना घाम फोडणारा माणूस पंख्याखाली उभा राहून एका कागदाला मान डोलावत राहिला. अडाणी दिसायची लाज वाटली, एवढंच कारण. पिशवीत नळ्या आणि बगलेत पिल्लू घेऊन तो एसटीत बसला.

गावात त्या पिल्लाचं काय कौतुक झालं. नवा बैल घरी आला की सुवासिनी त्याच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. अप्पानं गंगम्माला तसंच करायला लावलं. तिनं हसत हसत केलं. पिल्लाचं नाव साहेब पडलं. सोसायटीच्या भिंतीवर तो कागद काचेत लावला. दूध घालायला आलेला प्रत्येक जण चरवीत बोट बुडवायचा आणि साहेबाच्या तोंडात द्यायचा. साहेब बोट चोखायचा, चावायचा, सुईसारखे दात रुतायचे, आणि लोकांना त्याचीच मौज वाटायची. घरच्या पोरांना दूध बेतानं मिळत होतं त्या दिवसांत.

पुतळाबाई रांगेत नेहमी शेवटी असायची. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, तसं चालत आलेलं होतं. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ती चरवी विसळत होती तेव्हा पिल्लू तिच्या मनगटाला लोंबकळलं. दोन टिपके रक्ताचे आले. तिनं पदरानं पुसले आणि म्हणाली, "दात लई बारीक हायती ह्याचे. आईपासनं लवकर तोडलंय ह्येला." तिथं फक्त अप्पा होता. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर आठवडाही झाला नाही, तोच साहेबानं दूध सोडलं. कॅनच्या मागं अंधारात जाऊन बसायचा. जवळ गेलं की अंगावर यायचा. आवाज घोगरा झाला, मग खालचा जबडा लोंबला आणि तोंडातून लाळेची तार लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू पोत्यावर मरून पडलेलं होतं.

जनावरांचे डॉक्टर उमरग्याहून आले. त्यांनी लक्षणं विचारली, पोत्याला हात न लावता काठीनं बघितलं आणि भिंतीवरचा कागद काढून वाचला.

"ह्यावर पिसाळण्याची लस दिलीय असं लिहिलंय. एवढ्याशा पिल्लाला ती लस देतच नाहीत. अप्पा, ह्याची आई बघितली होती का तुम्ही?"

डॉक्टरांनी सहज विचारलं. अप्पाच्या हाताखाली बैल बघायला शिकलेली चार-पाच माणसं तिथं उभी होती. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. अप्पाला वाटलं, एखाद्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिल्लू पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं, डॉक्टर म्हणाले. ज्याला ज्याला चावलं असेल, ओरखडलं असेल, जखमेवर चाटलं असेल, त्यानं उद्याच्या उद्या सुया घ्यायच्या. पोटात, बेंबीभोवती, चौदा दिवस चौदा. एकदा रोग उठला की माणूस वाचत नाही. आणि तुम्हीच घरोघर जाऊन सांगा, कोण कोण त्याला खेळवत होतं ते तुम्हालाच माहीत.

म्हणून त्या दुपारी अप्पा घरोघर हिंडला. पंचवीस वर्षं ज्या दारांत त्याच्यासाठी घोंगडी अंथरली गेली, त्याच दारांत उभा राहून विचारत होता, पिल्लू चावलं होतं का. कुणी कपाळावर हात मारला. एका म्हातारीनं विचारलं, "अप्पा, तू बघूनच आणलं व्हतंस न्हवं?" त्यानं हो म्हटलं आणि पुढच्या दाराला गेला. दिवेलागणीपर्यंत सव्वीस माणसं झाली, त्यात तो स्वतः आणि गंगम्मा.

सत्ताविसावं माणूस पुतळाबाई, हे त्याला पहिल्या दारापासून माहीत होतं. वस्तीकडं जाणाऱ्या पायवाटेशी तो दोनदा गेला आणि दोनदा परतला. आजवर त्याला ज्ञानोबाकडं काही काम पडलं तर तो रस्त्यावरूनच हाक मारायचा, ज्ञानोबा बाहेर यायचा. त्याच्या दारात तो कधी गेला नव्हता. आता जायचं ते असं तोंड घेऊन. आणि ज्ञानोबा काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही, तेच नको होतं. गावात एवढा बोभाटा झालाय, त्यांना कळलंच असेल, अप्पानं स्वतःला सांगितलं. नसेल कळलं तर उद्या सांगू. बाईच्या जिवाचा प्रश्न होता आणि हा आपलं तोंड वाचवत होता.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या ट्रकमधून सगळे धाराशिवला निघाले. मागं माणसं, पुढं ड्रायव्हरशेजारी अप्पा. गावाबाहेर, एसटीच्या थांब्याच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला ज्ञानोबा आणि पुतळाबाई उभे होते. तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. ट्रकचा आवाज ऐकून ज्ञानोबानं हात अर्धा वर केला. ड्रायव्हरनं वेग कमी करून अप्पाकडं बघितलं. अप्पा दुसऱ्या बाजूच्या वाळलेल्या तुरीकडं बघत होता. "बाजाराला निघाले असतील," तो म्हणाला. ट्रक पुढं गेला.

धाराशिवच्या दवाखान्यात रांगेनं सदरे वर झाले, पदर सरकले. आवाज न करणारी माणसंही कण्हली. पुढच्या सुया गावाजवळ मिळतील, औषध बर्फात घालून पाठवू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "त्या पिल्लाबरोबरची बाकीची पिल्लं कुठं गेली?" अप्पाला ते माहीत नव्हतं. पोट धरून तो स्टँडवर गेला आणि सोलापूरची गाडी पकडली.

दुकानदारानं त्याला ओळखलं नाही. मेलं म्हटल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडच्या पाण्यानं मेलं असेल." पिसाळून मेलं म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला आणि अप्पाला मागच्या खोलीत घेतलं. तिथं बांबूच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या होत्या. एका टोपलीत सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडलेली. वास असा की गोठ्यात आयुष्य काढलेल्या माणसानं नाकाला धोतराचा सोगा लावला. दोन हलत नव्हती.

"ही कुठली?"

"रेल्वेनं येतात. डझनभर आली की सात-आठ टिकतात. तेवढ्यात भागतं."

"आन आई?"

"काका, आई कोण बघतो? दहा वर्षांत तुम्ही पहिलेच विचारताय. तेही पिल्लू मेल्यावर."

"त्या येळची बाकीची चार कुणी नेली?"

"गिऱ्हाइकांची नावं कुठं लिहून ठेवतो मी?"

अप्पा बाहेर आला तर एक गृहस्थ लहान मुलीला पिंजऱ्यातली पिल्लं दाखवत होते. अप्पा म्हणाला, "साहेब, हितलं घेऊ नका. आई बघितल्याबिगर घेऊ नका. माझ्या गावात सव्वीस माणसं सुया घ्यायल्यात." बोलता बोलता आकडा चुकला हे त्याच्या लक्षात आलं. गृहस्थांनी त्याच्या मळलेल्या धोतराकडं बघितलं. "बरं काका," ते सभ्यपणे हसून म्हणाले. दुकानदारानं कागद काढला. अप्पा फुटपाथवर उभा होता तोवर मुलगी पिल्लू छातीशी धरून बाहेर आली.

एसटीत त्याला दुकानदाराचं ते बोलणं आठवत राहिलं. नावं कुठं लिहून ठेवतो मी. त्या माणसाला निदान नावं माहीत नव्हती. आपल्याला एक नाव माहीत आहे आणि आपण ते गिळून बसलोय. दुकानदारात आणि आपल्यात मग काय राहिलं, असं त्याला वाटलं.

पुढची गाडी चुकल्यानं रात्र नळदुर्गच्या स्टँडवर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी गावात उतरला तो घरी गेला नाही, तडक वस्तीत गेला. ज्ञानोबाचं घर त्याला विचारावं लागलं. दारात एक पिवळसर कुत्री पाय पसरून पडली होती, चारातली उरलेली दोन पिल्लं अजून तिला लुचत होती. चांगली भरलेली, खणखणीत पिल्लं. अप्पानं तिकडं बघायचं टाळलं.

ज्ञानोबा म्हशीपुढं वैरण टाकत होता. पुतळाबाई चुलीपाशी होती. अप्पा अंगणात उभा राहिला. "पुतळाबाईला पिल्लू चावलं व्हतं," तो म्हणाला. "माझ्या म्होरं चावलं. तवाच सांगाय पायजे व्हतं. सुया घ्याय लागत्यात. आजच चला, मी नेतो."

"दोन घेतल्या," पुतळाबाई म्हणाली. "काल धाराशिवला एक, आज हितं एक."

अप्पाला जीव भांड्यात पडल्यासारखं झालं, आणि लगेच ज्ञानोबा बोलला.

"गिरणीत कळलं हिला. आमी म्हणलं, अप्पा येतील सांगायला. तुमच्याच म्होरं चावलं व्हतं. सांजपतोर वाट बघितली. मग म्हणलं, सकाळी ट्रक जाणार हाय, रस्त्यावर उभं ऱ्हावं. थांबंल." तो वैरण टाकायचा थांबला नाही. "थांबला न्हाई, तर एसटीनं गेलो. उभ्यानं. पण एक इचारायचं हाय, अप्पा. तुमी आमाला बघितलं न्हाई, का बघितलं व्हतं?"

तुरीकडं लक्ष होतं असं सांगता आलं असतं. ज्ञानोबानं ते मान्यही केलं असतं. पुतळाबाई चुलीपासून वळून बघत होती.

"बघितलं व्हतं," अप्पा म्हणाला.

ज्ञानोबानं मान हलवली. तो रागावला नाही, बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. उरलेली वैरण म्हशीपुढं सारून त्यानं हात झटकले आणि पाणी आणायला घागर उचलली.

सत्तावीसही माणसं वाचली. अप्पानं चेअरमनपद सोडलं, लोकांनी नको नको म्हटलं तरी सोडलं. बैल बघायला मात्र लोक त्याला नेत राहिले, आणि पोराबाळांपैकी कुणी शहरातल्या दुकानातून कुत्र्याचं पिल्लू आणायचं काढलं की त्याला अप्पाकडं पाठवत राहिले. अप्पा सगळं सांगायचा. पंखा, त्या दोन बायका, तो कागद, मागच्या खोलीतल्या टोपल्या, पोटातल्या सुया. आई दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस बाबा, म्हणायचा. ऐकणारे ऐकायचे. चौदा सुया कुठं कुठं टोचल्या ते सदरा वर करून दाखवायचा आणि पोरं हसायची. ट्रकचं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. ज्ञानोबानंही नाही. दोघं रस्त्यात भेटले की ज्ञानोबा आधी नमस्कार करायचा, पहिल्यासारखाच, आणि त्या नमस्काराला उत्तर देताना अप्पाची मान दर वेळी खाली जायची.